दोन पिंजऱ्यांतले उंदीर

१८८२ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. सिसिली बेटावरच्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉव्ह नावाचा एक रशियन प्राणिशास्त्रज्ञ घरी एकटाच मागे राहिला होता. बाकीची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली होती. (सुट्टीत घर रिकामे मिळाले म्हणजे केवढी मौज असते, ते आम्हा मास्तर मंडळींना विचारा!) या गृहस्थाने बागेतले गुलाबाचे काटे आणले आणि तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगात टोचले. रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पाहतो तो काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला! शरीर परक्यावर चालून जाते, ही कल्पना त्या काट्याच्या टोकावर जन्मली, आणि १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत या पंडिताला दुसरेच वेड लागले. मोठ्या आतड्यातले जंतू विष सोडतात व माणसाला अकाली म्हातारे करतात, असे त्याचे मत झाले, आणि त्यावर तोड म्हणून तो नेमाने आंबवलेले दूध घेऊ लागला. म्हणजे पाहा, शरीराचे शिपाई आणि पोटातले जंतू, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते! कर्करोगाच्या उपचारात या दोघांची गाठ पडते हे कळायला मात्र शंभर वर्षे लोटावी लागली.

मधल्या काळात शिपायांची गोष्ट पुढे सरकली. त्यांना एक लगाम असतो. तो आवळला गेला की गाठ समोर असूनही ते स्वस्थ उभे राहतात. हा लगाम सैल करणारी औषधे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांच्या शोधांतून निघाली; २०१८ चे नोबेल दोघांना मिळाले. अंगभर पसरलेल्या मेलानोमातून, म्हणजे त्वचेच्या जहाल कर्करोगातून, माणसे बरी होऊ लागली. पण सगळीच नव्हेत. रोग तोच, औषध तेच. एक जण घरी जातो, दुसऱ्याला गुणच येत नाही. नातेवाइकांनी दैवाला बोल लावला. डॉक्टरांजवळ तरी निराळे उत्तर कुठे होते?

उत्तराचा धागा शिकागोत उंदरांच्या पिंजऱ्यात सापडला. थॉमस गायेव्स्की यांच्या प्रयोगशाळेत एकाच वाणाचे उंदीर दोन पुरवठादारांकडून आले होते. एकाकडच्या उंदरांत मेलानोमाची गाठ भराभर वाढे, दुसऱ्याकडच्यांत सावकाश. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवताच फरक मावळला! उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, हे त्याचे कारण. (फराळाच्या ताटासमोर हा विषय काढल्याबद्दल गृहिणींनी क्षमा करावी.) सुदैवी उंदरांच्या लेंड्यांतले जंतू दुसऱ्यांना पाजले तेव्हा गाठीची वाढ मंदावली, आणि जोडीला औषध दिले तेव्हा ती जवळजवळ थांबली. हे २०१५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात पॅरिसजवळच्या व्हिलज्विफ येथून लॉरेन्स झिटव्होगेल यांच्या चमूने कळवले, की आतड्यात जंतूच नसलेल्या उंदरांवर लगाम सोडणारे औषध लागू पडत नाही.

मग माणसे तपासली. २०१८ साली याच फ्रेंच मंडळींनी २४९ रोग्यांची हकिकत मांडली. त्यांतल्या ६९ जणांनी उपचाराच्या आगेमागे दुसऱ्या कसल्या तरी दुखण्यावर प्रतिजैविके घेतली होती. त्यांचा रोग इतरांपेक्षा लवकर उलटला. दाढदुखीवरची गोळी अशी आडवी येऊ शकते, हे कोणाच्या स्वप्नात तरी आले असेल काय?

पिट्सबर्गला आणि इस्रायलात झालेल्या एका धाडसाची हकिकत २०२१ साली प्रसिद्ध झाली. औषधाने बऱ्या झालेल्यांच्या विष्ठेतले जंतू गुण न आलेल्यांच्या आतड्यात सोडले आणि तेच औषध पुन्हा सुरू केले. पिट्सबर्गला १५ पैकी ६ जणांना फायदा झाला, इस्रायलात १० पैकी ३ जणांना. आकडे लहान आहेत, तुलनेला दुसरा गटही नव्हता. पण हे ज्यांच्यापुढचे उपाय खुंटले होते असे लोक होते.

आता वाचक विचारतील, मग रोज वाटीभर दही खावे काय? दह्याचे ठाऊक नाही. पण २०२१ च्याच डिसेंबरात ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी मेलानोमाच्या १२८ रोग्यांचा आहार पाहिला. भाज्या, फळे, कडधान्ये यांतला चोथा भरपूर खाणाऱ्यांचे बरे चालले होते. आणि त्यांतही सर्वांत बरे त्यांचे, ज्यांनी बाजारातल्या जंतूंच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या.