टेलचे पाणी आणि अडखळणारा व्हिडिओ

१/ घरातल्या एका खोलीत जुना संगणक सर्व्हर म्हणून ठेवलेला असतो. त्यात चित्रपट, लग्नाचे चित्रण, मुलांच्या अभ्यासाचे धडे. दुसऱ्या खोलीत ब्राउझर उघडून तोच व्हिडिओ लावला की दहा सेकंद चालतो, थांबतो, पडद्यावर चक्र फिरत राहते. पहिला संशय इंटरनेटच्या प्लॅनवर जातो आणि बहुधा तो चुकीचा असतो. दोष शोधायचा कसा, याचा उत्तम धडा बारामती-इंदापूरच्या कालव्याच्या इतिहासात आहे. #थ्रेड

२/ १८७६ च्या भीषण दुष्काळात दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्याची खुदाई सुरू झाली. वेळवंडी नदीवर भाटघरला साठा, वीर येथे कालव्याचे मुख, आणि तेथून पुरंदर, तत्कालीन भीमथडी व इंदापूर या तालुक्यांतून पूर्वेकडे जाणारा लांबलचक पाट. बारामती तेव्हा भीमथडीत मोडत असे. कालव्याचे शेपूट इंदापूर तालुक्यात. या भागाच्या बोलीत त्याला आजही ‘टेल’ म्हणतात.

३/ कालवा झाला, पण प्रश्न सुटला नाही. पाऊस बरा झाला की पाणी मागणारे थोडे. पाऊस ओढला की सर्वांची मागणी एकाच आठवड्यात. त्यात उसाची शिवारे विखुरलेली. दोन एकरांच्या एखाद्या दूरच्या तुकड्यासाठी मैलभर चारी वाहती ठेवावी लागे आणि वाटेतच पाणी जिरे. मुखाशी पाणी भरपूर दिसले, तरी टेलला ते पुरेसे पोहोचेलच याची शाश्वती नसे.

४/ १८९९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुणे भागाच्या पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता झाले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातच शिकलेले हे अभियंते वाटपाकडे वळले. पाणी पाळीपाळीने द्यावे हा त्यांचा आग्रह शेतकऱ्यांना प्रथम रुचला नाही. पाळी म्हणजे कपात, असाच त्याचा अर्थ लावला गेला आणि विरोध झाला.

५/ यातूनच पुढे ‘ब्लॉक पद्धत’ निघाली. गावातील योग्य जमिनीचे ठरावीक गट पाडायचे. प्रत्येक गटात साधारण तिसरा हिस्सा उसाला, उरलेल्यात कमी पाण्याची पिके. आणि ऊस दरवर्षी गटातल्या गटात फिरवायचा. पाण्याची हमी काही वर्षांसाठी एकदम. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही पद्धत नीरा कालव्यावर अमलात आली. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालील पाटबंधारे आयोग (१९०१-०३) याच काळातला.

६/ येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ब्लॉक पद्धतीने भाटघरच्या साठ्यात एक थेंबही वाढला नाही. मोठे लॉईड धरण बांधून झाले ते १९२० च्या दशकात. त्याआधी बदलले ते पाण्याचे गट, क्रम आणि माप. किती सोडले, किती पोहोचले, हे मोजल्याशिवाय कोणाचीही तक्रार खरी की खोटी ठरत नाही, हे अभियंत्यांना उमगले होते. १९१६ साली मुंबई इलाख्याने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी जो खास विभाग काढला, तोच आज खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्र म्हणून ओळखला जातो.

७/ आता ऐंशी वर्षे पुढे आणि कॅलिफोर्नियात. ऑक्टोबर १९८६ मध्ये तेथील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांना जोडणारी संगणकीय वाहिनी अचानक मंदावली. अंतर जेमतेम चारशे यार्ड. सेकंदाला ३२,००० बिट वाहणारी ही वाहिनी ४० बिटांवर आली. तार तुटली नव्हती, यंत्रे बंद पडली नव्हती. प्रवाह मात्र जवळजवळ थांबला होता.

८/ व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधले. वाटेत गर्दी होऊन माहितीची पाकिटे हरवत. ती हरवली की प्रत्येक संगणक पुन्हा पाठवी. त्याने गर्दी आणखी वाढे. पाऊस ओढल्यावर सर्वांनी एकदम दारे उघडावीत, तसा हा प्रकार. १९८८ साली त्यांनी मांडलेला उपाय असा : सुरुवात हळू करावी, पोच मिळेल तसा वेग वाढवावा, पाकीट हरवले की तात्काळ हात आखडावा. इथेही उपाय नव्या तारेचा नव्हता, पाठवणाऱ्याला लावलेल्या शिस्तीचा होता. आजही घरचा सर्व्हर ब्राउझरला व्हिडिओ बहुधा याच शिस्तीने पाठवतो.

९/ दुसरा धागा बंगळूरचा. विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण असताना १९१७ मध्ये तेथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुढे त्यालाच त्यांचे नाव मिळाले. त्या महाविद्यालयातून १९६१ साली नासिर अहमद पदवीधर झाले. १९७४ साली टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही गणिती पद्धत प्रसिद्ध केली. चित्राचे छोटे चौकोनी तुकडे पाडायचे आणि प्रत्येकातला डोळ्याला न जाणवणारा तपशील टाकून द्यायचा, या संक्षेपाचा पाया तीच पद्धत. त्या तुकड्यांनाही ‘ब्लॉक’च म्हणतात. हा केवळ योगायोग. पण मर्यादित वाहिनीतून मोठी गरज भागवण्याचे कोडे दोन्हीकडे एकच.

१०/ १९८८ चे एच.२६१, २००३ चे एच.२६४, २०१३ चे एच.२६५ अर्थात एचईव्हीसी, २०१८ चे एव्ही१ : ही पुढची पिढ्यान्‌पिढ्यांची चढण. प्रत्येक पिढीत त्याच दर्जाचे चित्र कमी जागेत बसू लागले. मात्र त्याची किंमत असते. चित्र जितके घट्ट आवळले, तितके ते उलगडायला उघडणाऱ्या यंत्राला कष्ट जास्त. वाहिनीवरचा भार कमी होतो आणि तो टोकाच्या यंत्रावर येतो.

११/ ब्राउझरच्या दारात हा व्यवहार वादात सापडला. २००७ पासून वेबपानातच व्हिडिओ चालावा अशी खटपट सुरू झाली, पण कोणत्या संक्षेपाला मान्यता द्यायची यावर कंपन्यांचे एकमत होईना. पेटंटचे शुल्क हा कळीचा मुद्दा. फायरफॉक्सने एच.२६४ ला कित्येक वर्षे दूर ठेवले. एचईव्हीसीची कथा आणखी लांबली : क्रोममध्ये त्याला आधार आला २०२२ मध्ये, विंडोजवरील फायरफॉक्समध्ये २०२५ मध्ये, आणि तोही संगणकाच्या यंत्रभागात सोय असेल तरच.

१२/ घरातला व्हिडिओ अडखळण्याचे मोठे कारण या वादाचे अपत्य आहे. आयफोन २०१७ पासून चित्रण एचईव्हीसीत साठवू शकतो. ब्राउझरला ती भाषा उमगली नाही, की प्लेक्स किंवा जेलीफिनसारखा सर्व्हर तो व्हिडिओ चालता चालता एच.२६४ मध्ये उतरवू लागतो. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही. सेकंदभराचे चित्र तयार करायला त्याला दीड सेकंद लागतो आणि पडद्यावर चक्र फिरते. एमकेव्ही फाइल, डीटीएस आवाज, चित्ररूपातील सबटायटल यांमुळेही सर्व्हरच्या मागे कमीअधिक काम लागते.

१३/ दुसरे कारण वाय-फाय. त्याचा स्वभाव एका चारीसारखा : एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे. जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच. जाड भिंतीपलीकडचा, कमकुवत सिग्नलचा एखादा फोन तीच माहिती घ्यायला कितीतरी जास्त वेळ घेतो आणि तेवढा वेळ घरातले सर्वजण ताटकळतात. नीरेवरच्या त्या दूरच्या दोन एकरांची आठवण येथे अपरिहार्य आहे. एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर लावला, तर तोच रेडिओ घेतो आणि तोच देतो. म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो.

१४/ आता इंटरनेटच्या प्लॅनविषयी. सर्व्हर आणि ब्राउझर एकाच घरात, एकाच राउटरवर असतील, तर व्हिडिओ घराबाहेर जातच नाही. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला तरी त्या दोन खोल्यांमधली वाट तेवढीच राहते. अपवाद एकच : ब्राउझरमध्ये सर्व्हरचा घरगुती पत्ता न टाकता बाहेरच्या सेवेमार्फत जोडणी केली असेल, तर घरातलाच व्हिडिओ दूरच्या रिले यंत्राला वळसा घालून परत येऊ शकतो. तो वळसा अतिशय अरुंद असतो. घरगुती पत्ता थेट टाकून पाहिला, की हा संशय तत्काळ मिटतो.

१५/ मग तपासणीचा क्रम कोणता? कालव्याचा. मुखापासून टेलपर्यंत एकेक दार पाहत जायचे. पहिले दार फाइल. तिचा बिटरेट पाहावा. आयफोनवरचे ४के चित्रण मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा घेते, म्हणजे सेकंदाला जवळपास २३ मेगाबिट. घरच्या वाटेवर तेवढी जागा अखंड हवी. क्षणभर मिळून भागत नाही. सरासरीपेक्षा वरच्या लाटा असतात, म्हणून दीडपट-दुप्पट जागा असलेली बरी.

१६/ दुसरे दार सर्व्हर. व्हिडिओ चालू असताना सर्व्हरचा फलक उघडावा. ‘डायरेक्ट प्ले’ असे दिसले तर सर्व्हर फक्त फाइल पुढे सरकवत आहे. ‘ट्रान्सकोड’ दिसले आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकला असेल, तर अरुंद जागा सापडली. ब्राउझरच्या प्लेअरमध्ये दर्जा ‘मूळ’ ऐवजी कमी निवडलेला असला तरीही सर्व्हर विनाकारण राबत राहतो. तो पर्याय बदलावा, सबटायटल बंद करून पाहावे, सर्व्हरच्या ग्राफिक्स यंत्रणेची मदत सुरू करावी. नाहीतर फाइल रात्रीतून एकदाच एच.२६४ मध्ये उतरवून ठेवावी.

१७/ तिसरे दार वाट. ब्राउझरचा संगणक थोडा वेळ केबलने राउटरला जोडावा. अडखळणे थांबले तर दोष वाय-फायचा. मग ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा, राउटरची जागा, रिपीटर यांचा विचार. सर्व्हरचीही केबल पाहावी : आठपैकी एक तार तुटली तरी गिगाबिटची जोडणी १०० मेगाबिटवर उतरू शकते. चौथे दार ब्राउझर. तीच फाइल व्हीएलसीमध्ये सुरळीत चालली, तर वाट निर्दोष आणि गाठ ब्राउझरच्या भाषेशी किंवा त्याच्या हार्डवेअर ॲक्सेलरेशनच्या पर्यायाशी आहे.

१८/ बफरचा गैरसमजही येथेच दूर करावा. बफर म्हणजे ब्राउझरचे शेततळे : आलेले आधी साठवायचे, मग वापरायचे. पाळी तासभर चुकली तर शेततळे पीक तारते. पण रोज येणाऱ्या पाण्यापेक्षा रोजचा उपसा मोठा असेल, तर तळे कितीही खोल केले तरी ते एक दिवस कोरडे पडतेच. सुरुवातीला व्हिडिओ नीट चालून काही मिनिटांनी अडकू लागला, तर तळे आटले असे समजावे आणि येवा शोधायला लागावे.

१९/ या साऱ्याचे मोल करमणुकीपुरते नाही. २००३ च्या सुमारास आयआयटी मुंबईने ‘आक्वा’ हे प्रश्नोत्तरांचे व्यासपीठ उभारले. त्यात शेतकऱ्यांच्या मराठी प्रश्नांना उत्तरे देण्यात बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांचा सहभाग होता. तेव्हा शेतीचा सल्ला अक्षरांतून आणि पिकाच्या छायाचित्रांतून जाई. आज तोच सल्ला, तोच शाळेचा धडा व्हिडिओतून येतो. एकदा उतरवून घरच्या सर्व्हरवर ठेवला, की इंटरनेट गेले तरी घरभर पाहता येतो. तो शेवटच्या खोलीत अडकत असेल, तर माहिती घरात असूनही घरच्यांना मिळत नाही.

२०/ विश्वेश्वरय्यांपुढचा प्रश्न आणि या खोलीतला प्रश्न यांत शंभरांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तरी चूक तीच होते : टेल कोरडे दिसले की मोठे धरण मागायचे, व्हिडिओ थांबला की मोठा प्लॅन घ्यायचा. पैसा खर्च होतो आणि अरुंद जागा होती तिथेच राहते. त्यापेक्षा मुखापासून खाली चालत यावे, एका वेळी एकच दार बदलावे, आणि प्रत्येक बदलानंतर मोजणी शेवटच्या खोलीतच करावी.