‘पहिला’ या विशेषणाचा इतिहास

‘भारतातील पहिला चित्रपट कोणता?’ या प्रश्नाला ‘राजा हरिश्चंद्र’ हे उत्तर सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून इतके रुळले आहे, की त्यामागे एक व्याख्या दडलेली आहे याचे भानच उरत नाही. दादासाहेब फाळके यांची ही कृती ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाली. पण त्याच पडद्यावर १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ झळकला होता. आणि सावेदादा तथा हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी तर १८९९ मध्येच हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले होते. कुस्ती कथाविरहित म्हणून वगळता येते. ‘पुंडलिका’चे काय?

त्याच्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात : तो नाटकाचे केवळ चित्रण आहे, आणि त्याचा छायाचित्रकार परकीय असून फिल्मवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली. पहिला आक्षेप वाटतो तितका निर्णायक नाही. फाळक्यांच्या चित्रपटातही तारामती अण्णा साळुंके या पुरुषानेच साकारली; रंगभूमीचा संकेत तेथेही शाबूतच होता. दुसऱ्यात तथ्य अधिक आहे, पण तेही निखळ नव्हे. फाळक्यांनी हे तंत्र १९१२ मध्ये लंडनला जाऊन आत्मसात केले, कॅमेराही तेथूनच आणला. मात्र चित्रण आणि रासायनिक प्रक्रिया येथे, दादरच्या बिऱ्हाडात झाली. सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मला छिद्रे पाडण्यापासूनची कामे केली. म्हणजे ‘पहिला’ हे येथे कालवाचक विशेषण राहत नाही. स्वदेशी निर्मितीविषयीचा तो एक मूल्यनिर्णय ठरतो. त्यात आक्षेपार्ह काही नाही. आक्षेपार्ह आहे ते त्याला तारखेचा वेष चढवणे.

मराठी वाङ्मयेतिहासाला हा पेच अनोळखी नाही. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ला (१८५७) पहिली कादंबरी म्हणायचे, की तिचा धर्मप्रचाराचा हेतू पुढे करून हळब्यांच्या ‘मुक्तामाला’कडे (१८६१) वळायचे, हा वाद तरी कालक्रमाचा कोठे होता? निदान तेथे दोन्ही संहिता आपल्यापुढे आहेत. ‘पुंडलिक’ आज पाहायला मिळत नाही. आणि ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जी रिळे दाखवली जातात ती, अनेक अभ्यासकांच्या मते, फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची आहेत.