शेळी आजारी आहे का? पशुवैद्यकीय सहायकाचे पहिले धडे

शेळी म्हणजे गरिबाची गाय. ती दगावली की घरचं गणित बिघडतं. म्हणून सहायकाचं काम शिकणाऱ्या मुलामुलींना आधी तपासणी शिकवतात.

ताप : थर्मामीटर गुदद्वारात लावा. १०२ ते १०३ अंश फॅरेनहाइट ठीक, १०४ च्या वर गेला तर ताप समजा.

डोळा : खालची पापणी उलटून बघा. गुलाबी असेल तर बरं. पांढरी पडली तर अंगात रक्त कमी, बहुतेकदा जंतामुळं.

पोट : रवंथ बंद, डावी कूस फुगलेली, तर वेळ घालवू नका.

करडू : तासाभरात चीक पाजा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा.

मनानं इंजेक्शन मात्र देऊ नका. १९८४ च्या कायद्यानुसार सहायकानं किरकोळ उपचारही नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे. मदतीसाठी १९६२ वर फोन करा.