वॉलपेपर, स्क्रीनसेव्हर आणि सासूबाईंचे प्रश्न



गेल्या आठवड्यात माळा आवरायला काढला. आमच्या पहिल्या कॉम्प्युटरचा मॉनिटर तिथेच होता, तो भंगारात द्यायचा म्हणून खाली उतरवला. आधी तो घरात होता, नंतर काही वर्षं यांच्या दुकानात. काच पुसताना नातू म्हणाला, "आजी, हा डाग निघत नाहीये." बघते तर काचेच्या आतच फिकट रेघा. तिरप्या उजेडात धरलं आणि ओळख पटली. दुकानात दिवसभर उघडा असायचा त्या हिशोबाच्या प्रोग्रॅमचे ते रकाने होते. वीज नाही, वायर नाही, तरी खतावणी पडद्यावर उमटलेली.

"मग स्क्रीनसेव्हर का नव्हता लावला?" नातवाने विचारलं. या शब्दातला 'सेव्हर' कुणाला वाचवत होता, हे मी त्याला सांगत बसले. तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगते.

जुन्या मॉनिटरची काच आतून फॉस्फरच्या थराने माखलेली असे. मागच्या नळीतून इलेक्ट्रॉनचा झोत त्यावर आदळला की तो ठिपका उजळायचा. एकाच जागी तेच चित्र महिनोन्‌महिने राहिलं की तिथला फॉस्फर इतर जागेपेक्षा लवकर झिजायचा आणि चित्राची सावली कायमची राहायची. यावर पहिला प्रसिद्ध उपाय जॉन सोचा या प्रोग्रॅमरने केला. डिसेंबर १९८३ मध्ये 'सॉफ्टॉक' या मासिकात त्याचा आयबीएम पीसीसाठीचा छोटासा प्रोग्रॅम छापून आला. तीन मिनिटं कुणी कळ दाबली नाही की पडदा काळा करायचा, एवढंच त्याचं काम. चित्र नाही, रंग नाही, गाणं नाही.

करमणूक नंतर आली. १९८९ मध्ये 'आफ्टर डार्क' नावाचा स्क्रीनसेव्हरांचा संच मॅकिंटॉशसाठी निघाला. त्यातले पंख लावून उडणारे टोस्टर इतके गाजले की लोक निव्वळ त्यासाठी पैसे मोजू लागले. १९९२च्या विंडोज ३.१ मध्ये ताऱ्यांतून प्रवास करणारा, रंगीत रेघा नाचवणारा असे स्क्रीनसेव्हर आयतेच मिळू लागले. पुढे वाकत वाढत जाणारे पाइप आणि विटांचा भुलभुलैया आला. तो भुलभुलैया तर तुमच्यापैकी अनेकींच्या घरी मुलांनी बघितला असेल.

वॉलपेपरचा इतिहास वेगळा. तो कशापासून वाचवण्यासाठी नव्हताच, तो सजावटीसाठीच होता. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशला मागचा पडदा बदलता यायचा, पण फक्त काळ्या-पांढऱ्या नक्षीने. आठ आडवे, आठ उभे असे चौसष्ट ठिपके. तेवढ्यात नक्षी बसवायची आणि तीच पूर्ण पडद्यावर पुन्हा पुन्हा उमटायची. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीचा किंवा खणाच्या बुटीचा हाच हिशोब. एक बुटी बसली की थान विणता येतं. विंडोज ९५ मधल्या वॉलपेपरांतही अशा छोट्या चौकोनी नक्षी बऱ्याच होत्या. विणलेली चटई, विटा, लाटा, बुडबुडे. त्यामागे काटकसर होती. पूर्ण पडद्याएवढं चित्र कॉम्प्युटरची बरीच मेमरी खायचं आणि मेमरी महाग होती. छोटी फरशी एकदा साठवली की सगळी भिंत मढवता यायची.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला १९९९ मध्ये, मुलाच्या शिक्षणासाठी. विंडोज ९८, बत्तीस एमबी मेमरी. वर मी विणलेलं क्रोशाचं झाकण. मुलगा कॉलेजला गेला की मी महिला मंडळाचे हिशोब त्यावर करायला शिकले. बी.कॉम. झाल्याला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती, पण जमाखर्च विसरत नाही. हिशोब जमल्यावर वाटलं, आता घर लावावं तसा पडदाही लावावा.

१९९३च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही सगळे सासूबाईंना घेऊन श्रवणबेळगोळला गेलो होतो. सत्तावन्न फुटांच्या त्या मूर्तीपुढे सासूबाई कितीतरी वेळ हात जोडून उभ्या होत्या. त्या प्रवासात काढलेला बाहुबली स्वामींचा फोटो अल्बममध्ये होता. तो मी फोटो स्टुडिओत स्कॅन करून फ्लॉपीवर आणला आणि मुलाच्या मदतीने वॉलपेपर म्हणून लावायला बसले.

पडद्यावर उंदराची उजवी कळ दाबायची, प्रॉपर्टीज, बॅकग्राउंड, मग ब्राउज करून फ्लॉपीतलं चित्र निवडायचं. खाली तीन पर्याय असायचे. मी पहिल्यांदा 'टाइल' निवडलं तर एकाशेजारी एक, लहान लहान बाहुबली. 'स्ट्रेच' केलं तर उभा फोटो आडवा ताणला गेला आणि ज्या देहाभोवती वेली चढल्या तो तपस्वी देह पैलवानासारखा रुंद झाला. मी घाबरून चटकन बदललं. शेवटी 'सेंटर' केलं तेव्हा मूर्ती मूर्तीसारखी दिसली. मधोमध चित्र, दोन्ही बाजूंना मोकळी जागा.

सासूबाईंना हौसेने बोलावलं. त्यांनी आधी हात जोडले. मग चष्मा सावरून जवळून बघितलं आणि विचारलं, "अगं, त्यो पायापाशी काय ठिवलायस?"

तो रिसायकल बिन होता. कचऱ्याचा डबा.

मी लगेच डबा आणि सगळी चित्रं ओढून बाजूच्या मोकळ्या जागेत नेली. पण त्यांचं समाधान झालं नाही. "आणि हिशोबाचं काम उघडलंस की देव कुठं जातो?" मी म्हटलं, "खाली झाकला जातो." "आणि जेवता-खाता, पारोसं कुणीबी याच्यासमोर बसणार?" मला उत्तर देता येईना. देव्हाऱ्याला आपण नियम पाळतो. पहाटेचं स्नान, सोवळं, पाठ न फिरवणं. भिंतीवरच्या कॅलेंडरलाही निदान उंच खिळा देतो. इथे मात्र देवावर दिवसभर कागद पसरायचे. माझ्या मनात भक्ती होती, पण अविनयही घडत होता, हे मला मान्य करावं लागलं.

मार्ग त्यांनीच काढला. "डोंगर लाव की. डोंगर बघितला की आपसूक ध्यान वर जातंय."

अल्बममध्ये विंध्यगिरीचा पायथ्याकडून घेतलेला आडवा फोटो होता. खडकात कोरलेल्या सहाशेहून जास्त पायऱ्या, वर तटाची रेघ, मूर्ती दिसत नाही. तो पूर्ण पडद्याचा करून आणला. इथे हिशोबाची एक गंमत सांगते. आमचा पडदा आठशे गुणिले सहाशे ठिपक्यांचा, म्हणजे ४,८०,००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या, निळ्याचा एकेक असे तीन बाइट, म्हणजे १४,४०,००० बाइट. आणि फ्लॉपीत जागा १४,५७,६६४ बाइट. एक डोंगर बरोबर एका फ्लॉपीत मावला, वर चिमूटभर जागा उरली. मला ताळेबंद जुळल्याचा आनंद झाला.

पुढे सासूबाईंचे गुडघे गेले. मंदिराच्या पायऱ्याही होईनात. मग सूर्यास्ताआधीचं जेवण आटोपलं की त्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसायच्या आणि म्हणायच्या, "लाव गं डोंगर." मी सगळ्या खिडक्या बंद करून डोंगर मोकळा करून द्यायची. त्या पायऱ्यांकडे बघत जप करायच्या.

मुलाची आवड निराळी होती. त्याला 'थीम' हव्या होत्या. थीम म्हणजे चित्र, आवाज, उंदराचा बाण, चिन्हं सगळं एकाच ढंगात बदलायचं. विंडोज ९५च्या वेळी हे 'प्लस' नावाच्या वेगळ्या सीडीवर विकत मिळायचं. ९८ मध्ये ते आतच होतं, फक्त सीडी घालून कंट्रोल पॅनलमधून बसवावं लागे. समुद्रतळ, जंगल, प्रवास, अंतराळ असे कितीतरी प्रकार. त्याने निवडली 'डेंजरस क्रीचर्स', म्हणजे घातकी प्राण्यांची. सासूबाई डोंगर बघायला आल्या आणि समोर हे. "जीव म्हटला की घातकीच व्हय रे? त्याला दात दिसले, जीव न्हाई दिसला?" दुसऱ्या दिवशी मुलाने आपणहून समुद्रतळ लावला.

मग माझी चूक. मी एका साइटवरून फुकटचा तीर्थक्षेत्रांचा स्क्रीनसेव्हर उतरवून घेतला. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की वॉलपेपर हे नुसतं चित्र असतं, पण स्क्रीनसेव्हरची फाइल म्हणजे नाव बदललेला पुरता प्रोग्रॅमच असतो. चित्र भिंतीवर टांगलं जातं. प्रोग्रॅम घरात शिरून हात-पाय हलवू शकतो. आत व्हायरस होता. कॉम्प्युटर फॉरमॅट करावा लागला. मंडळाचे हिशोब माझ्या वहीत होते, ते वाचले. डोंगर गेला. फ्लॉपी काढली तर पावसाळ्याने तिला बुरशी धरलेली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "फोटू हाय न्हवं अल्बमात?" पुन्हा स्कॅन करून आणेपर्यंत महिना गेला. त्या महिन्यात त्या रोज संध्याकाळी खुर्चीत बसायच्या, समोर पडदा बंद. विचारलं तर म्हणाल्या, "आता पाठ झालाय डोंगर." मला मात्र त्या बंद पडद्याकडे बघवायचं नाही.

नवीन कॉम्प्युटर आला तो विंडोज एक्सपीचा. त्यावरची हिरवी टेकडी आणि निळं आकाश तुम्हाला आठवत असेलच. जगात सर्वात जास्त लोकांनी पाहिलेल्या फोटोंत त्याची गणना होते. चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने तो जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात, रस्त्याच्या कडेला थांबून, फिल्मवर काढला. एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हा तोच तिचा वॉलपेपर झाला. ती टेकडी अशी हिरवीगार मोकळी का होती? तो भाग द्राक्षांचा. फिलॉक्सेरा नावाच्या किडीने वेलींची मुळं खाल्ली, वेली उपटाव्या लागल्या आणि मोकळ्या जमिनीवर गवत उगवलं. नंतर तिथे पुन्हा द्राक्षं लागली. तासगावकडच्या मैत्रिणींना उपटलेल्या बागेचा अर्थ वेगळा सांगायला नको. जगाला शांत वाटलेलं ते चित्र कुणातरी शेतकऱ्याच्या नुकसानीवर उगवलं होतं. हे कळल्यापासून मी ते तितक्या सहज बघू शकत नाही.

आता सासूबाईंचा शेवटचा प्रश्न. नव्या कॉम्प्युटरवरही स्क्रीनसेव्हर रात्रंदिवस नाचायचा. त्या म्हणाल्या, "कुणी बघत न्हाई, मग चालू कशापायी?" मी ऐटीत सांगितलं, पडदा वाचतो, वीज वाचते. पहिलं खरं होतं, दुसरं नाही. स्क्रीनसेव्हर चालू असताना मॉनिटर जवळजवळ तेवढीच वीज खातो. वीज वाचवायला १९९२ मध्ये अमेरिकेत 'एनर्जी स्टार' योजना सुरू झाली तेव्हा भर होता तो मॉनिटरला झोपवण्यावर. रिकाम्या कॉम्प्युटरचा चांगला उपयोगही झाला म्हणा. १९९९ ते २०२० या काळात लाखो लोकांनी सेटी अॅट होम हा स्क्रीनसेव्हर लावून आपलं यंत्र अंतराळातले रेडिओ संदेश तपासायला दिलं होतं. पण आमच्याकडे नुसते पाइप वाढत होते. गरजेपेक्षा जास्त वापरणं हाही परिग्रहच. त्या दिवसापासून उठताना मॉनिटरचं बटण बंद करायची सवय लागली. २००६च्या महामस्तकाभिषेकाला सासूबाई जाऊ शकल्या नाहीत, त्याच वर्षी त्या गेल्या.

पुढे सपाट एलसीडी पडदे आले. त्यात फॉस्फर नाही, तसा डाग पडत नाही. स्क्रीनसेव्हरचं कारण गेलं, रीत राहिली. मी मनात म्हटलं, आपल्याही किती रीती अशाच. पण घाईने निकाल द्यायला नको होता. कारण आताच्या ओलेड पडद्याच्या फोनमध्ये आणि टीव्हीत तोच डाग पुन्हा पडतो. म्हणून काही फोनवरचं सतत दिसणारं घड्याळ हळूच जागा बदलत असतं. गेलेलं कारण मागल्या दाराने परत आलं.

सून मला विचारते, घरात शुद्धीकरणाचं यंत्र आहे, मग पाणी गाळून का घ्यायचं? पूर्वी मी "रीत आहे" म्हणून मोकळी झाले असते. आता तिला सांगते, यंत्र आपल्याला जंतूंपासून वाचवतं. गाळणं पाण्यातल्या जीवांना आपल्यापासून वाचवण्यासाठी आहे आणि म्हणूनच गाळण्यातलं पाणी पुन्हा मूळ जागी सोडायचं असतं. काही रीतींचं कारण मलाही शोधावं लागतं, विचारावं लागतं. सासूबाई शाळा चौथी शिकलेल्या. त्यांनी "का?" विचारायची लाज कधी धरली नाही.

मॉनिटर भंगारवाल्याने नेला. नातवाने त्याआधी त्या डागाचा फोटो काढून ठेवला. माझ्या फोनवर विंध्यगिरीच्या पायऱ्या आहेत, अल्बममधून पुन्हा काढलेल्या, आणि एकही चिन्ह मी त्यांच्यावर ठेवलेलं नाही.

लिहिण्यात काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा.