काचेतल्या समुद्राचे शेवाळ

मत्स्यालय पाहायला गेलेला माणूस मासे पाहतो; काच पाहत नाही. काच त्याच्या नजरेस पडते ती तिच्यावर शेवाळ चढले म्हणजेच. आज त्या शेवाळाविषयीच चार शब्द बोलायचे आहेत. कारण घरात समुद्र सांभाळण्याचा इतिहास हा बराचसा त्याच्याशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे.

१८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनला आणली. पाण्यात हवा खेळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपुढे अर्धा-पाऊण तास ते पाणी वरून खाली ओतीत बसे. तिला त्यात मौज वाटे, असे बाईंनी लिहून ठेवले आहे. मोलकरणीचे मत कोणी टिपलेले नाही. पुढे १८५०च्या सुमारास लंडनमध्येच रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू पुरवील हा हिशेब बरोबर ठरला. पण पाने कुजली, पाणी गढूळ झाले, हिरवी बुळबुळ माजली. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी ती घाण खाल्ली आणि प्रयोग वाचला.

१८५३ मध्ये रीजंट्स पार्कात मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी गॉस यांचे मत्स्यालयावरील पुस्तक निघाले आणि दिवाणखान्यात समुद्र ठेवण्याची टूम आली. हौशी मंडळी काचपेटी खिडकीत ठेवीत. चहूबाजूंनी प्रकाश! पाणी हिरवेगार होई. समुद्रात प्रकाश वरून येतो, याचा विसर पडल्याचा तो दंड. विल्यम ॲलफर्ड लॉइड यांनी हे मनावर घेतले. १८७१ साली उघडलेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्यांनी दर्शनी टाक्यांहून कितीतरी मोठा अंधारा हौद ठेवला आणि पाणी पंपाने सतत फिरते राखले. अंधारात हिरव्या शेवाळाचे काही चालेना.

पण हा उपाय प्रवाळांपुढे अडला. उष्ण समुद्रात खडक रचणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात आणि प्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसतात. अशा पेशींना ‘झूझँथेला’ हे नाव १८८१ साली कार्ल ब्रांट यांनी दिले. थिनबाईंची पोवळी त्या प्रकारची नव्हती, म्हणूनच लंडनच्या मंद उजेडात तगली. रंगीत प्रवाळ पाळायचे तर लख्ख उजेड हवा. आणि उजेडाबरोबर नको ते पाहुणेही येतात.

वाळूवरची तपकिरी साय कोणाची, हे डोळ्यांना कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला की कळते. सिलिकेचे कवच दिसले तर डायाटम. नव्या टाकीतले हे पाहुणे सिलिका संपली की बहुधा आपोआप ओसरतात. लांब धागे दिसले तर सायनोबॅक्टेरिया. तेथे साचलेला गाळ काढावा, पाण्याचा ओघ वाढवावा. प्रतिजैविकाने तेही मरतात, पण अमोनियाचे विष पचवणारे उपकारी जीवाणूही त्यात दगावू शकतात. आणि बुडबुडे धरणाऱ्या चिकट शेंबडात गरगर फिरणारे दाणे दिसले, तर ते डायनोफ्लॅजेलेट.

हे सर्वांत वाईट. यांच्या काही जाती विषारी असतात. वॉरिंग्टनचा प्रयोग वाचवणाऱ्या गोगलगायी येथे खाऊन मरतात. स्वच्छतेच्या हट्टाने नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर नेले की प्रतिस्पर्धी उपाशी मरतात आणि यांचे फावते, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. काही जाती रात्री पाण्यात तरंगतात, त्यांना अतिनील दिव्याने गाठता येते. वाळूत दडणाऱ्यांना नाही. सरसकट विष घालावे, तर प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला पोसणारी ती शैवालेही डायनोफ्लॅजेलेटांच्याच कुळातली आहेत.