परळीचं थर्मल, खजाना विहीर आणि माझा बोअर

फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं थर्मल पूर्ण बंद पडलं होतं, आठवतंय? संप नव्हता, कोळशाचंही कारण नव्हतं. १,१३० मेगावॅटची यंत्रं जागच्या जागी उभी होती. त्यातले २५० मेगावॅटचे दोन संच तर २००७ आणि २०१० मध्ये बसवलेले, म्हणजे जवळपास कोरेच. पण वाफ करायला आणि ती थंड करायला पाणी लागतं. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात ते उरलं नव्हतं आणि वर माजलगाव धरणातही द्यायला काही नव्हतं. २०१५ च्या जुलैत पुन्हा तेच घडलं.

अर्थशास्त्रात यावरून जुना वाद आहे. रॉबर्ट सोलो आणि जॉन हार्टविक यांनी १९७० च्या दशकात हिशेब मांडला तो असा: निसर्गातलं काही संपवलं तरी चालेल, फक्त त्यातून आलेला पैसा खाऊन न टाकता यंत्रं, कारखाने, रस्ते यांत घाला. पुढच्या पिढीची एकूण पुंजी कमी झाली नाही म्हणजे झालं. याला म्हणतात दुर्बल शाश्वतता. हर्मन डेली म्हणाला, असं नाही चालत. मासेच संपले तर होड्या वाढवून काय करणार? काही गोष्टींना बदली नसतेच, त्या वेगळ्या राखाव्या लागतात. ही सबळ शाश्वतता.

सोलोची बाजू मी उडवून लावणार नाही. परळीला पहिले ३० मेगावॅटचे संच १९७१ ला सुरू झाले, पुढच्याच वर्षी ७२ चा दुष्काळ. त्या काळात वीज आली म्हणजे काय झालं, हे आपल्या आज्या-आजोबांना विचारा. ऊसतोडीला जाणाऱ्याचं पोर शिकून नोकरीला लागलं, तर तीही पुंजीच ना! आणि बदली सोपी असेल तरच हे गणित जमतं, हे सोलोलाही माहीत होतं. आपण नेमकी तीच अट विसरलो.

आता खजाना विहीर घ्या. बीडच्या दक्षिणेला, निजामशाहीत, मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं बांधून घेतलेली. कारागिराचं नाव भास्कर सांगतात. आत तीन भुयारी वाटा आहेत. दोन पाणी आणतात, तिसरी बलगुजरच्या शेतांकडं नेते. पंप नाही, मोट नाही. पाणी उतारानं वाहतं, म्हणून जेवढं येईल तेवढंच पुढं जातं. व्याजावर चाललेला कारभार! मुद्दलाला हात लावायची सोयच ठेवली नव्हती. (त्यावर आजच्या बीडची तहान भागणार नाही, हे कबूल.)

बोअरनं ती सोय करून दिली. आपल्याकडं काळा बेसाल्ट. पाणी मुरतं ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. खाली गेलं की भेगा कमी आणि पुन्हा भरायला वेळ जास्त. तिथलं पाणी उपसून ऊस केला, उसाच्या पैशातून आणखी खोल बोअर घेतला, मग मोठी मोटर. कागदावर पुंजी वाढतेय बरं का! दुर्बल शाश्वततेच्या वहीत आपण नापास नाही.

डेलीचं म्हणणं कायद्यात उतरायला वेळ लागला, पण उतरलं. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटलंय आणि तिच्यावर बंधन आहे. ६० मीटर म्हणजे साधारण २०० फूट.

गेल्या उन्हाळ्यात माझा ३५० फुटांचा बोअर आटला. गाडीवाला म्हणाला, शेजाऱ्याला ६०० ला लागलं, तुम्ही ७०० धरा. मोसंबीला चौथं वर्ष होतं. बायकोनं बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. गाडी परत पाठवली मी. अर्धी बाग गेली. पोरगा अजून नीट बोलत नाही माझ्याशी.