सात चित्रकार, सात गिटारी आणि एक आठवी

कॅनडातील टोरांटो महानगराच्या उत्तरेला क्लाइनबर्ग नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील मॅकमायकल कलासंग्रहालयाच्या आवारात एक छोटी दफनभूमी असून, ‘ग्रूप ऑफ सेव्हन’ या विख्यात चित्रकारमंडळातील सहाजण तेथे चिरनिद्रा घेत आहेत. ज्यांची चित्रे आत भिंतींवर आहेत, तेच बाहेर मातीत विसावले आहेत, असा योग कलेच्या इतिहासात विरळाच. २०१७ सालच्या मे महिन्यात याच संग्रहालयात एक आगळे प्रदर्शन भरले. त्यात चित्रांच्या जोडीला आठ गिटारी मांडलेल्या होत्या. सात कारागिरांनी सात चित्रकारांना वाहिलेली ती आदरांजली होती. मग आठवी गिटार कोणाची? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी टोरांटोत ‘ग्रिप’ नावाची एक जाहिरात-आरेखन करणारी संस्था होती. जे. ई. एच. मॅकडोनाल्ड, आर्थर लिस्मर, फ्रेडरिक व्हार्ली, फ्रँक जॉन्स्टन, फ्रँकलिन कारमायकल आणि टॉम थॉमसन ही सर्व मंडळी वेगवेगळ्या काळी तेथे पोटासाठी राबत होती. आठवडाभर जाहिरातींची अक्षरे रेखाटावीत आणि सुटीच्या दिवशी रंगपेटी घेऊन रानात जावे, असा त्यांच्यापैकी कित्येकांचा क्रम होता. या मंडळींना लॉरेन हॅरिस आणि ए. वाय. जॅक्सन येऊन मिळाले. हॅरिस हा शेतीची अवजारे बनवणाऱ्या एका धनाढ्य घराण्याचा वारस होता. १९१३ च्या जानेवारीत हॅरिस व मॅकडोनाल्ड यांनी अमेरिकेतील बफेलो येथे स्कँडिनेव्हियन चित्रांचे प्रदर्शन पाहिले आणि त्यांना जणू आपलीच वाट सापडली. बर्फ, खडक, वाकलेली झाडे यांचे चित्रण युरोपच्या मवाळ, धुकट रंगांत करण्याची काही गरज नाही, हे त्यांना उमगले. त्याच वर्षाच्या अखेरीस एका टीकाकाराने वृत्तपत्रातून या तरुणांच्या चित्रांना ‘गरम लापशीचा संप्रदाय’ म्हणून हिणवले. पुढे १९२४ मध्ये लंडनजवळच्या वेम्बली येथील प्रदर्शनात इंग्रज समीक्षकांनी त्यांची वाखाणणी केली, तेव्हा कोठे घरच्या टीकेची धार थोडी बोथट झाली. परक्याने पाठ थोपटल्यावाचून आपल्या माणसाची किंमत कळू नये, हा अनुभव काही एकट्या कॅनडाचा नाही.

या सर्वांत टॉम थॉमसन वेगळा होता. १८७७ साली जन्मलेल्या या माणसाने कलेचे म्हणावे तसे शिक्षण घेतलेले नव्हते. अल्गॉन्क्विन उद्यानातील तळ्यांवर तो होडी वल्हवी, मासे धरी, वाटाड्याचे काम करी, वणव्यावर पहारा देई, आणि हातभर अंतराचीही नसलेल्या लाकडी फळ्यांवर तैलरंगांत चित्रे काढी. त्या फळ्यांचा आकार सुमारे २१ गुणिले २७ सेंटिमीटर, म्हणजे मांडीवर सहज मावेल एवढाच. त्याला मँडोलिनही वाजवता येत असे. ८ जुलै १९१७ रोजी तो कॅनू तळ्यावर होडी घेऊन निघाला, तो परतला नाही. आठ दिवसांनी त्याचा देह पाण्यात सापडला. तो अपघात होता की घातपात, याचा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही. त्या वेळी तो अवघा एकोणचाळीस वर्षांचा होता.

थॉमसनच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९२० च्या मे महिन्यात, त्याच्या सात मित्रांनी ‘ग्रूप ऑफ सेव्हन’ या नावाने पहिले प्रदर्शन भरवले. ज्याच्या प्रेरणेने हे मंडळ उभे राहिले, तो मात्र त्याचा सभासद कधीच होऊ शकला नाही. सातांच्या नावात न मोजला गेलेला हा आठवा. त्या आठव्या गिटारीचे रहस्य ते हेच.

आता गिटारींकडे वळू. १९६० च्या दशकात एडगर म्योंख या जर्मन कारागिराने टोरांटोत गिटारी घडवल्या. त्याच्या हाताखाली जाँ लारिव्हे हा तरुण शिकला. लारिव्हेने स्वतःचे दुकान थाटले आणि एकामागून एक उमेदवार त्याच्याकडे येऊ लागले. ग्रिट लास्किन, लिंडा मँझर, सर्गे द याँग, टोनी डगन-स्मिथ, डेव्हिड रेन आणि जॉर्ज ग्रे. कोणी लाकूड तासत होते, कोणी सरस लावत होते. पगार बेताचा, काम अफाट. गुरूने त्यांच्यापासून काही लपवून ठेवले नाही. वास्तविक त्यांतील प्रत्येकजण पुढे स्वतंत्र दुकान काढून गुरूचाच प्रतिस्पर्धी होणार होता, आणि तसे घडलेही. लास्किन गिटारीच्या पट्टीवर शिंपल्या, धातू व दगड यांचे तुकडे बसवून चित्रे साकारण्यासाठी नावाजला गेला. मँझरने १९८४ मध्ये पॅट मेथनी या वादकासाठी बेचाळीस तारांची ‘पिकासो’ गिटार घडवली. वाजवणाऱ्याच्या हाताखाली खोळ पातळ व्हावी आणि त्याला आपली तारा छेडणारी बोटे सहज दिसावीत, अशी निमुळती बांधणीही तिने त्याच सुमारास योजली.

पुढे याच मँझरच्या मनात कल्पना आली, की सात चित्रकार होते, आणि एका कारखान्यातून निघालेले आपणही गुरूसह सातच आहोत. तेव्हा प्रत्येकाने एकेका चित्रकारासाठी एक गिटार घडवावी. तिने स्वतःसाठी हॅरिसची निवड केली. येथे आम्हांस इतिहासातील एक धागा आठवतो. सातांच्या मंडळात एकही स्त्री नव्हती. पण १९२७ मध्ये एमिली कार ही पश्चिम किनाऱ्यावरची उपेक्षित चित्रकर्ती टोरांटोस आली, तेव्हा ‘तुम्ही आमच्यातल्याच आहात’ अशा आशयाचा दिलासा तिला देणारा हॅरिसच होता. त्या दिलाशाने कारने पुन्हा कुंचला हाती धरला. कारागिरांच्या सातांत मात्र एक स्त्री होती, आणि कल्पनाही तिचीच होती.

चित्राची गिटार करायची म्हणजे काय करायचे? गिटारीच्या पाठीवर डोंगर रंगवला की काम झाले, असे कोणास वाटेल. कारागिराला तेवढ्याने समाधान मिळत नाही. चित्रकाराच्या फळीवर कसलाही भार नसतो. गिटारीच्या सहा पोलादी तारा मात्र मिळून सुमारे सत्तर किलोंचा ताण देतात, आणि तो पेलणारी पुढची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. फळी जाड ठेवली तर आवाज कोंडतो, फार पातळ केली तर ती वाकते किंवा चिरते. म्हणून आतून बारीक लाकडी पट्ट्यांचे आधार द्यावे लागतात, आणि ते किती तासायचे हे कारागीर फळीवर बोट ठोकून, कान देऊन ठरवतो. ही फळी बहुधा स्प्रूस वृक्षाची असते. उत्तरेच्या थंडीत सावकाश वाढलेल्या या झाडाची वलये दाट व सरळ असतात. याच स्प्रूसच्या काळ्या आकृती त्या चित्रकारांनी शेकडो वेळा रंगवल्या. म्हणून आम्हांस वाटते, की चित्रकार व कारागीर यांचे नाते प्रदर्शनाच्या कल्पनेहून जुने आहे. त्यांनी झाडाकडे पाहिले, आणि यांनी झाड ऐकले.

गिटारीच्या पाठीसाठी जगभरचे कारागीर ज्या लाकडाला पसंती देतात, त्यांत आपल्या सह्याद्रीच्या रानातली शिसवही आहे. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि गिटारी सरहद्दीपलीकडे पाठवणाऱ्यांना परवान्यांच्या मागे धावावे लागले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या अखेरीस. ज्या वर्षी क्लाइनबर्गला निसर्गचित्रांचा हा उत्सव झाला, त्याच वर्षी रानाची मर्यादा कारागिरांच्या दाराशी येऊन उभी राहिली.

येथे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. सातांच्या चित्रांत माणूस क्वचितच दिसतो. अथांग तळे, एकाकी झाड, निर्जन शिखर. पण ही भूमी कधीच निर्जन नव्हती. अल्गॉन्क्विन उद्यान ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते मूळ रहिवासी तेथे पिढ्यान् पिढ्या राहत व शिकार करीत आले होते. थॉमसनच्या काळी तेथे लाकूडतोडीचा धंदाही जोरात होता, नद्यांवर बंधारे होते, ओंडके वाहत होते. थॉमसनने स्वतः ते दृश्य काही चित्रांत रेखाटले आहे. अलीकडच्या अभ्यासकांनी या रित्या केलेल्या भूमीबद्दल कठोर प्रश्न विचारले आहेत, आणि ते योग्यच आहेत. त्याने चित्रांचे सौंदर्य उणावत नाही. मात्र चित्राच्या चौकटीबाहेर कोणाला ठेवले गेले, हे पाहण्याची जबाबदारी प्रेक्षकावर येते. आम्ही स्वतः कित्येक वर्षे ती चित्रे पुस्तकांतून भक्तिभावाने पाहिली, पण हा प्रश्न आमच्या मनात उठला नव्हता, हे कबूल करावयास हवे.

याच कारणाने आठव्या गिटारीचे मोल आम्हांस अधिक वाटते. ती कोणा एकाची नाही. सातही कारागिरांनी मिळून ती थॉमसनसाठी घडवली. स्वतःच्या पद्धतीबद्दल आग्रही असलेल्या सात माणसांनी एका वाद्यावर हात चालवायचे, म्हणजे प्रत्येकाने आपला आग्रह थोडाथोडा सोडायचा. स्वतःच्या नावाची गिटार करणे त्यामानाने सोपे म्हटले पाहिजे. जो मोजणीतून निसटला, त्याच्यासाठी सर्वांनी एकत्र बसावे, ही रीत चित्रकारांनी पहिल्यांदा पाळली. थॉमसन गेल्यावर मॅकडोनाल्डप्रभृती मित्रांनी कॅनू तळ्याकाठी त्याचा दगडी स्मृतिस्तंभ उभारला होता. शंभर वर्षांनी कारागिरांनी तीच रीत लाकडात पाळली.

एक शंका उरते. काचेआड ठेवलेली गिटार ही गिटार राहते का? वाजवणारे सांगतात, की वाद्य वाजत राहिले तरच त्याचा आवाज खुलतो. चित्र पाहिल्याने झिजत नाही. गिटार मात्र वाजवल्याने झिजते, आणि ते झिजणेच तिचे आयुष्य. तेव्हा या आठही वाद्यांच्या नशिबी संग्रहालयाच्या शांततेबरोबर कोणाची तरी बोटेही असावीत, अशी आमची इच्छा आहे. थॉमसनची मँडोलिन तळ्याकाठच्या शेकोटीपाशी वाजत असे. त्याच्या नावाच्या गिटारीने मुके राहू नये.